लॅपटॉपचा प्रोसेसर, टेबलावरचा छोटा बोर्ड: मागाशेजारच्या खोलीत बिनपंख्याचा पीसी चालेल का?

वडगावचा_माग

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला आमचे यंत्रमाग आहेत, साड्यांचे. शेडला लागून एक छोटी खोली, तीच आमची कचेरी. तिथला पीसी आता मेटाकुटीला आलाय. काम काय, तर टॅली, जीएसटीचं रिटर्न, व्यापाऱ्यांना साड्यांचे फोटो पाठवणं, जॅकार्डची डिझाइनं उघडून बघणं. दिवसभर चालू असतो खरं जड काम काहीच नाही.

त्रास आहे तो सुताचा. शेडमध्ये बारीक तंतू हवेत असतातच. पीसीचे पंखे ते आत ओढतात आणि प्रोसेसरच्या हीटसिंकवर घोंगडीसारखा थर बसतो. ब्लोअर मारला की थोडे दिवस बरं, परत तेच. उन्हाळ्यात तापून आपोआप बंद पडतो. त्यात तो जुना, विंडोज ११ घेत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. म्हणजे बदलायचा आहेच.

लॅपटॉप घ्या असं सगळे सांगतात. नको. मोठा मॉनिटर, चांगला कीबोर्ड, चार यूएसबी आणि सुताच्या वजनकाट्यासाठी एक सीरियल पोर्ट एवढं लागतं, आणि बहुतेक लॅपटॉपलाही पंखा असतोच. डोक्यात आहे ते असं: लॅपटॉपच्या जातीचा कमी वॉटचा प्रोसेसर, मिनी-आयटीएक्स (१७ सेंटीमीटर चौकोनी) बोर्ड, पंखा अजिबात नाही. इंटेलचा एन१०० प्रोसेसर लावलेले बोर्ड बघितलेत. चिनी बोर्डही दिसतात, त्यावर मोठा लॅपटॉप प्रोसेसर लावून येतो. आणि एका मित्राचं म्हणणं, पूर्वी लॅपटॉपचा सुटा प्रोसेसर आणून डेस्कटॉप बोर्डात बसवायचे. ते अजून जमतं का? वीज किती वाचेल?

मच्छे_होस्टेल

भावा, सरळ मिनिसफोरमचा बीडी७९०आय घे. लॅपटॉपचा रायझन ९ ७९४५एचएक्स बोर्डालाच सोल्डर केलेला, १६ कोअर, रॅम लॅपटॉपची डीडीआर५. एवढ्याशा मिनी-आयटीएक्समध्ये ताकद मोप. दहा वर्षं बघायला नको.

जुना_सोल्डर

वडगावकर, तुमचा मित्र थापा मारत नाही. कॅम्पात माझं रिपेअरीचं दुकान होतं त्या वेळची ही गोष्ट.

२००३ मध्ये इंटेलने पेंटियम एम काढला, खास लॅपटॉपसाठी. इस्रायलमधल्या हायफाच्या टीमचं काम. टेबलावरच्या पीसीत तेव्हा पेंटियम ४ होता, आणि २००४ मध्ये त्याचा प्रेस्कॉट अवतार आला तो शंभर वॉटच्या आसपास उष्णता टाकायचा. त्याच वर्षी, त्याच ९० नॅनोमीटरवर पेंटियम एमचा दोथान आला. तो २१ वॉटचा. दोन एमबी कॅश. गिगाहर्ट्झचा आकडा बघितला तर पेंटियम ४ च्या जवळही नाही, खरं गेममध्ये त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचा. व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये मात्र मागे पडायचा, ते पेंटियम ४ चं राखीव रान होतं.

मग लोकांनी विचार केला, हा टेबलावर का नको? दोन वाटा निघाल्या. एओपन आणि डीएफआयने लॅपटॉपच्या ८५५ चिपसेटवर (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपा) डेस्कटॉपच्या आकाराचे बोर्ड काढले. महाग होते. दुसरी वाट जास्त गमतीची. असुसने २००५ मध्ये सीटी-४७९ नावाचं अ‍ॅडॉप्टर काढलं. त्यांच्या ठरावीक सॉकेट ४७८ च्या बोर्डांवर ते पेंटियम ४ च्या जागी बसायचं आणि त्याच्या डोक्यावर पेंटियम एम. बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं, प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या वाहिनीचा (बसचा) वेग ४०० की ५३३ ते जंपरने सांगायचं. प्रोसेसर उंचावर गेल्यामुळे नेहमीचा हीटसिंक बसायचा नाही, त्याचा वेगळा छोटा पंखा यायचा. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडं असतं. हीटसिंक तिरका दाबला की कोपरा उडाला म्हणून समजा.

हौशी लोकांचा हा उद्योग इंटेललाही पटला असावा असं मी गमतीने म्हणतो. २००६ च्या जानेवारीत कोअर ड्युओ आला तो याच घराण्यातला, आणि त्याच वर्षी पुढे कोअर २. पेंटियम ४ ची वाट त्यांनी सोडून दिली. आज तुम्ही डेस्कटॉपचा म्हणून जो इंटेल वापरता त्याचं मूळ लॅपटॉपमध्येच आहे.

आता सुटा प्रोसेसर बसवण्याचं. ते संपलं. इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर सॉकेटमध्ये यायचे ते हॅस्वेलपर्यंत, म्हणजे २०१३ ची पिढी. त्यानंतर सगळे बीजीए, बोर्डालाच सोल्डर. जोडी लावायचं काम आता कारखान्यात होतं. तुम्ही फक्त कोणती जोडी घ्यायची ते ठरवायचं.

आणि ती ठरवताना एक बोर्ड आठवा. २००८ मध्ये इंटेलने स्वतःचा डी९४५जीसीएलएफ नावाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड काढला, अ‍ॅटम २३० लावलेला. प्रोसेसर ४ वॉटचा. शेजारी ९४५जीसी चिपसेट, तो २२ वॉटचा! बोर्डावर पंखा होता तो चिपसेटवर. प्रोसेसरवर नुसता छोटा हीटसिंक. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, प्रोसेसरचा पंखा आवाज करालाय. प्रोसेसरला पंखाच नव्हता. चार वॉटच्या जाहिरातीवर बोर्ड विकला गेला आणि तापायचा तो शेजारी.

उद्यमबाग_फौंड्री

काका, हे लाख बोललात. लोक प्रोसेसरचे वॉट बघतात, भिंतीवरच्या प्लगमधून किती जातं ते कोणी बघत नाही.

आमच्याकडे फौंड्रीत कास्टिंगच्या तपासणीच्या टेबलावर एन१०० आहे. आधी मी तो बोर्ड घरात पडलेल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर (पीसीच्या नेहमीच्या पॉवर सप्लायवर) लावला होता. रिकामा बसलेला असताना मीटरवर विसाच्या पुढे. नंतर एसएमपीएस काढून लॅपटॉपसारखा अ‍ॅडॉप्टर आणि २४ पिनवर बसणारा छोटा डीसी कन्व्हर्टर लावला. बोर्ड तोच, रॅम तीच, एसएसडी तीच. बारा-तेरा वॉट.

कारण साधं आहे. ४५० वॉटच्या सप्लायला पंधरा वॉट म्हणजे तीन-साडेतीन टक्के लोड. तिथे त्याची कार्यक्षमता पार खाली घसरलेली असते. डब्यावर ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) लिहिलंय म्हणून फसू नका. त्या चाचण्या २० टक्के लोडपासून सुरू होतात, अगदी वरच्या दर्जांनाच त्याहून कमी लोडवर तपासतात. तीन टक्क्यांवर तो काय करतो ते डबा सांगत नाही.

म्हणून वडगावकर, बोर्ड घेताना पहिली गोष्ट ही बघा की त्याला थेट १९ व्होल्टचा जॅक आहे का. एएसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स तसा आहे. असुसचा प्राइम एन१००आय-डी डी४ हा २४ पिनवाला आहे, त्याला एसएमपीएस किंवा कन्व्हर्टर लागतो. दोन्ही बिनपंख्याचे. आणि रॅम मागवताना जपा: एएसरॉकच्या त्या बोर्डाला डेस्कटॉपची लांब डीडीआर४ लागते, असुसच्या डी४ ला लॅपटॉपची आखूड. दोन्हीला खाच एकच. एन१०० मेमरीचं एकच चॅनल चालवतो, त्यामुळे दोन दांड्या लावायचा प्रश्नच येत नाही.

वडगावचा_माग

काका, दादा, दोघांचे आभार. म्हणजे एन१०० वर लिहिलेला ६ वॉट हा आकडा खोटा का?

उद्यमबाग_फौंड्री

खोटा नाही, अर्धा आहे. तो फक्त प्रोसेसरचा, आणि तोही सतत चालणाऱ्या कामाचा पायाभूत आकडा. थोडा वेळ जोर लावायचा असेल तर तो त्याच्या बराच वर जातो, आणि किती वर, किती वेळ, ते बोर्ड बनवणारा बायोसमध्ये ठरवतो. काही बोर्डांत ही मर्यादा सैल ठेवलेली असते. बिनपंख्याच्या डब्यात ती आपण खाली आणायची. टॅली उघडायला अर्धा सेकंद जास्त लागेल, बिघडलं कुठे.

रिकामा बसल्यावर मात्र लॅपटॉपच्या जातीची चिप खरंच वेगळी वागते. डेस्कटॉपची चिप डुलकी काढते, ही गाढ झोपते. अट एवढीच की शेजारच्यांनी झोपू द्यावं. बोर्डावरचा एखादा स्वस्तातला कंट्रोलर किंवा आपण लावलेलं कार्ड वीज वाचवायच्या स्थितीत जात नसेल तर प्रोसेसरलाही जागं ठेवतं. वजनकाट्यासाठी म्हणून तुम्ही सीरियल पोर्टचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आणाल, ते आणू नका. यूएसबीवरून सीरियलची वायर मिळते, ती घ्या. काट्याचा वेग ९६०० चा असतो बहुतेक, तेवढा सॉफ्टवेअरमध्ये जुळवला की झालं.

मच्छे_होस्टेल

ठीक आहे, पण एन१०० फारच बारीक नाही का? चार कोअर, हायपरथ्रेडिंग नाही, पीसीआय एक्स्प्रेसच्या फक्त ९ लेन. माझ्या फोनमध्ये याहून जास्त दम आहे.

निपाणी_डीटीपी

बाळ, दम कशाला पाहिजे ते आधी ठरव.

माझं निपाणीत झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, तंबाखूच्या वखारीची बिलबुकं, ग्रामपंचायतीचे अर्ज. एका गिऱ्हाइकाला मराठी पाहिजे, दुसऱ्याला कन्नड, तिसऱ्याला एकाच कागदावर दोन्ही. एका खिडकीत कन्नडचं नुडी सॉफ्टवेअर, दुसऱ्या खिडकीत मराठीचं जुनं सॉफ्टवेअर, मध्ये ब्राउझरवर सरकारी साइट आणि स्कॅनर. हे सगळं माझ्या काउंटरवरच्या एन१०० वर चालतं. सहाव्या पिढीचा आय५ होता त्याच्यापेक्षा हळू आहे असं मला तरी जाणवत नाही. रॅम १६ जीबी आहे, इंटेलच्या कागदावर त्याची कमाल मर्यादाही तेवढीच.

कुठे अडतो ते सांगते म्हणजे वडगावच्या दादांना अंदाज येईल. फ्लेक्स बॅनरची मोठी फाइल, त्यात फोटोंचे थर, तिथे तो धापा टाकतो. शंभर पानांचं स्कॅन एका पीडीएफमध्ये करून त्यातली अक्षरं ओळखायला लावली की चहा पिऊन यावा. ती कामं मी आतल्या मोठ्या पीसीवर करते. काउंटरवर मात्र हाच, कारण दुकान उघडं असेतोवर तो चालू असतो आणि त्याचा आवाज शून्य.

वीज वाचेल म्हणून घेऊ नका. हिशेब करा. जुना पीसी ५५ वॉट धरा, नवा १२. फरक ४३ वॉट. दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १२९ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला हजार-बाराशेच्या आत. घरात ठेवला तर गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) आहे म्हणाल, खरं ती घरगुती मीटरला, तीही २०० युनिटच्या मर्यादेत. कचेरीचा मीटर व्यावसायिक असेल तर त्यात बसत नाही. बोर्डाची किंमत विजेतून वसूल व्हायला वर्षानुवर्षं जातील.

चिकोडीकर

अक्का बरोबर. आणि म्हणूनच मी म्हणतो बोर्ड-बिर्ड कशाला? कंपन्यांतून निघालेले छोटे पीसी मिळतात, थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी. आठव्या पिढीचा आय५-८५००टी असलेला बघा. ३५ वॉट, सहा कोअर, विंडोज ११ अधिकृत चालतं, अ‍ॅडॉप्टरवर चालतो, तयार डबा. एन१०० चा बोर्ड, रॅम, एसएसडी, डबा, अ‍ॅडॉप्टर असं जमवत बसण्यापेक्षा हा परवडतो आणि जास्त पळतो. रिकामा असताना तोही फार खात नाही. मी दोन घेतलेत, एक पतसंस्थेत आहे.

वडगावचा_माग

चिकोडीकर, पंखा आहे की त्याला?

चिकोडीकर

आहे. छोटा ब्लोअर.

जुना_सोल्डर

मग यंत्रमागाच्या खोलीत तो नको. छोटा ब्लोअर म्हणजे बारीक पाती, जोरात फिरणार, आणि हीटसिंकच्या फटी केसाएवढ्या. सुताचे तंतू तिथेच अडकतात. मोठ्या टॉवरला ब्लोअर मारून भागतं, याला प्रत्येक वेळी खोलायला लागेल. पतसंस्थेत ठीक आहे, तिथे उडतंय काय, पावत्या.

मच्छे_होस्टेल

आणि माझा बीडी७९०आय कोणी मनावरच घेईना.

जुना_सोल्डर

घेतो की. बोर्ड वाईट नाही, जागा चुकली. ७९४५एचएक्स हा ५५ वॉटचा, जोरात चालला की त्याच्याही वर. त्याच्यावर पंखा लावावाच लागतो. दुसरं म्हणजे, नाव लॅपटॉपचं असलं तरी आतलं सिलिकॉन टेबलावरच्या रायझन ७००० चंच आहे: कोअरचे तुकडे वेगळे, इनपुट-आउटपुटचा तुकडा वेगळा. ही मांडणी रिकामी बसली तरी खाते. रेंडरिंग करायचं, घरात छोटा सर्व्हर उभा करायचा तर झकास. वजनकाट्यासाठी नव्हे.

उलटी गंमत रायझन ५ ५६००जी ची. नाव डेस्कटॉपचं, एएम४ सॉकेटमध्ये बसतो, ६५ वॉट लिहिलंय. खरं आतली चिप लॅपटॉपच्या ५००० मालिकेतली सेझान, सगळं एकाच तुकड्यात. म्हणून रिकामा असताना तो ५६००एक्सपेक्षा शहाण्यासारखा वागतो. बायोसमध्ये ४५ वॉटवर बांधताही येतो. माझ्या लेखी आजच्या घडीला लॅपटॉपची चिप आपल्या हाताने डेस्कटॉप बोर्डात बसवायची असेल तर सगळ्यात सरळ मार्ग हाच. निपाणीच्या अक्कांच्या आतल्या पीसीला शोभेल. पंख्याशिवाय चालवायचा म्हटलं तर मोठा हीटसिंक लागतो आणि तो छोट्या डब्यात मावत नाही.

राहिले ते बिननावाचे बोर्ड, लॅपटॉपचा आय७ किंवा आय९ लावून स्वस्तात विकतात ते. त्यातल्या बऱ्याच चिपा इंजिनिअरिंग सॅम्पल असतात, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या, विक्रीसाठी नव्हेत. बायोसचं अपडेट कुठून मिळणार, बंद पडला तर कोणाकडे जाणार? माझ्या टेबलावर असा एक येऊन पडलाय. मेमरी दोन्ही खाचांत लावली की उठत नाही. विकणाऱ्याचं पान आता उघडतही नाही. शिकायला बरा, धंद्याला नको.

खानापूर_जांबोटी

बिलाचं बोलून झालं, आता लाईट जाण्याचं बोलू. आमच्याकडे जांबोटीच्या अंगाला पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की रात्र जाते, कधी दुसरा दिवसही. तिथे हे वॉट खरे मोजले जातात.

इन्व्हर्टरची १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. ती पूर्ण रिकामी करायची नसते, शिवाय रूपांतरात जातं. हाताशी हजार धरा. जुना पीसी ५५, मॉनिटर २०, राउटर १०, आणि इन्व्हर्टर स्वतः चालू राहायला पंधराएक खातो. बेरीज १००. दहा तास. पीसी १२ वॉटचा केला तर बेरीज ५७, साडेसतरा तास. बॅटरी तीच.

या बेरजेत एक बघितलंत का? नवा पीसी घेतला की सगळ्यात मोठा खादाड मॉनिटर होतो. मी ब्राइटनेस निम्मा केला आणि मॉनिटर सहा-सात वॉटने उतरला. पीसीच्या बायोसमध्ये रात्र रात्र डोकं घालून एवढं मिळत नाही.

वडगावकर विचारतील म्हणून आधीच सांगतो: बॅटरीवरून थेट डीसी द्यायचा मोह होतो, इन्व्हर्टरचे पंधरा वॉट वाचवायला. १९ व्होल्टच्या बोर्डाला १२ व्होल्टची बॅटरी थेट चालत नाही. मध्ये चांगला बूस्ट कन्व्हर्टर लागतो, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरी १४ च्या वर जाते, उतरताना ११ च्या खाली येते, हे सगळं त्याला झेपलं पाहिजे. फ्यूज बॅटरीजवळ. मी केलंय, चालतं. पण दुकानात दुसरी माणसं हात लावत असतील तर इन्व्हर्टरच बरा.

उद्यमबाग_फौंड्री

डब्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून. निम्मं काम तिथे आहे.

बिनपंख्याचा बोर्ड म्हणजे कुठल्याही डब्यात कोंबून चालेल असं नाही. गरम हवा वर जाते, तेव्हा डब्याला खाली आणि वर जाळी पाहिजे आणि बोर्ड उभा लावलेला बरा, हीटसिंकच्या पट्ट्या वर-खाली येतील असा. आडवा ठेवला, वर फायलींचा गठ्ठा ठेवला, की चार तासांत बघा काय होतं. एन१०० ची तापमानाची कमाल मर्यादा १०५ अंशांची आहे, त्याच्याजवळ गेली की ती आपला वेग स्वतःच कमी करते. जळत नाही, रेंगाळते. बेळगावची हवा थंड म्हणतात, खरं मे महिन्यात पत्र्याच्या शेडला लागून असलेली खोली काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

सुताचे तंतू हवेबरोबर तरंगत जाळीतूनही येणारच, पण पंखा ओढत नसल्यामुळे फार कमी. ते सुटे राहतात, ब्रशने झटकले की निघतात.

आमची अडचण वेगळी होती. फौंड्रीत लोखंडाची भुकटी उडते, आणि ती विजेला वाट देते. बोर्डावर बसली तर शॉर्ट. तिथे जाळीचा डबा चालणारच नव्हता. आम्ही जाड अ‍ॅल्युमिनियमचा बंद डबा करून घेतला, बोर्डाचा मूळ हीटसिंक काढून तांब्याचा ठोकळा घातला आणि चिपची उष्णता थेट डब्याच्या भिंतीला दिली. औद्योगिक पीसी असेच असतात, आम्ही गावठी केला. बारा वॉटला हे जमतं. साठ वॉटला जमलं नसतं. लॅपटॉपच्या चिपचा खरा फायदा मला इथे दिसला, बिलात नव्हे.

चिकोडीकर

ठोकळा घालताना तो ठरलेल्या जाडीचा नाही बसला तर चिपवर दाब येणार ना? काकांनी सांगितलं तेच, झाकण नसतं म्हणून.

उद्यमबाग_फौंड्री

होय. म्हणून ठोकळा लेथवर मापात घेतला, मध्ये मऊ थर्मल पॅड, आणि स्क्रू चारी बाजूंनी थोडे थोडे आवळत गेलो. हे मी वडगावकरांना करायला सांगत नाही. त्यांना जाळीचा उभा डबा पुरतो.

निपाणी_डीटीपी

मिनी-आयटीएक्सची चार भोकं नेहमीच्या एटीएक्स डब्यातल्या भोकांशी जुळतात, त्यामुळे डबा लगेच नसला तरी जुन्या टॉवरमध्ये बोर्ड बसतो. १७ सेंटीमीटरचा चौकोन त्या एवढ्या मोठ्या डब्यात विनोदी दिसतो, पण हवा मोप. वियाने २००१ मध्ये हा आकार काढला तेव्हापासून भोकं तीच आहेत. माझा पहिले काही महिने तसाच होता, पंखे सगळे काढून.

वडगावचा_माग

अक्का, हे बेस्ट. मग ठरलं.

१९ व्होल्टच्या जॅकचा एन१०० बोर्ड, १६ जीबीची एक लांब डीडीआर४, ५०० जीबीची एनव्हीएमई, आणि जुनाच टॉवर, पंखे आणि एसएमपीएस काढून, उभा. वजनकाट्याला यूएसबीची सीरियल वायर. मॉनिटर आहे तोच, ब्राइटनेस कमी करून. जुन्या हार्ड डिस्कवरचा टॅलीचा डेटा नव्या एसएसडीवर घेणार आणि ती डिस्क बॅकअपला ठेवणार, कायम जोडलेली नाही.

एक राहिलं. सकाळी शेडची लाईट चालू केली की पीसीही आपोआप चालू व्हावा असं वडिलांचं म्हणणं. ते बटण दाबायला विसरतात आणि मग मला फोन येतो.

खानापूर_जांबोटी

बायोसमध्ये पॉवरच्या पानावर एसी लॉसनंतर काय करायचं अशी ओळ असते. ती पॉवर ऑनवर ठेवा. पण मग संध्याकाळी मेन स्विच पाडायच्या आधी विंडोज शटडाउन झालंच पाहिजे. टॅली उघडी असताना वीज तोडायची सवय लागली तर डेटा फाटेल. पीसी इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर मेन पाडूनही त्याची वीज जाणार नाही, आणि आपोआप चालूही होणार नाही. कुठल्या लाइनवर आहे ते आधी बघा.

वडगावचा_माग

इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे.

उद्यमबाग_फौंड्री

मग त्याच पानावर ठरलेल्या वेळी चालू करायची सोय असते, घड्याळाची. सकाळी साडेआठ लावा, शेडच्या लाईटशी संबंधच नको. आणि अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्टबरोबर अँपिअर आणि पिनेची जाडी बघा. घरात पडलेला लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर १९ व्होल्टचा असतो, पण पिना कंपनीगणिक वेगळ्या. ६५ वॉटचा पुरेसा आहे.

वडगावचा_माग

घड्याळ लावतो. बोर्ड इथे कोणाकडे मिळेल, का बेंगळूरला एसपी रोडवरून मागवू?

निपाणी_डीटीपी

आधी बेळगावातच विचारा. एन१०० चा बोर्ड कोणी दुकानात ठेवत नाही, मागवून देतात, पण वॉरंटीला तोच माणूस समोर असतो. बिल मात्र जीएसटी नंबर घालून घ्या, क्रेडिट मिळेल.